जिन बंद असतानाचा आकडा : ध्वनिमापनाच्या कामात येणाऱ्यांसाठी

ध्वनिमापनाच्या कामात येऊ पाहणारे विद्यार्थी मला बहुधा कोणते उपकरण घ्यावे, हे विचारतात. मी त्यांना आधी लॉगॅरिदम पक्का करायला सांगतो, कारण डेसिबल हे लॉगॅरिदमवर आधारलेले माप आहे; ५५ डेसिबलचे दोन आवाज एकत्र आले की ११० नव्हे, ५८ होतात, आणि हे ज्याच्या अंगवळणी पडलेले नाही त्याचा अहवाल पहिल्याच प्रश्नाला कोसळतो. माझा तसाच कोसळला होता.

जळगावजवळ महामार्गालगतच्या एका जिनिंगबद्दल, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याबद्दल, तक्रार होती. दिवाळीनंतर कापसाची आवक वाढली, की जिन रात्रभर चालत असे. मागच्या वस्तीतल्या एका आजींनी मला ओट्यावर बसवून सांगितले, "भाऊ, रातभर डोया लागत नही." मी त्याच ओट्यावर मीटर धरला, ५८ डेसिबल नोंदवले आणि निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ असल्याने अहवाल लिहून मोकळा झालो. मालकाने एवढेच विचारले, "जिन बंद असताना किती भरतात?" ते मी मोजलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी जिन थांबवून मोजले, तर नुसत्या ट्रकच्या वर्दळीने ५५ भरले. म्हणजे जिनचा स्वतःचा वाटा ५५ च्या आसपास, आणि तोही खात्रीने सांगता येईना, कारण दोन आकड्यांत जेमतेम ३ डेसिबलचे अंतर होते. शिवाय ओट्यामागच्या भिंतीवरून परावर्तित होणारा आवाजही मी मोजणीत धरून बसलो होतो.

आजींचा त्रास खरा होता. माझी मोजणी कच्ची होती. म्हणून पुन्हा गेलो, या वेळी रात्री दोन वाजता, ट्रक विरळ झाल्यावर. मीटर स्टँडवर साधारण दीड मीटर उंचीवर, भिंतीपासून साडेतीन मीटर दूर लावला, वाऱ्यासाठी फोमचा गोळा चढवला आणि मोजणीच्या आधी व नंतर ९४ डेसिबलचा ठरावीक आवाज देणाऱ्या कॅलिब्रेटरने तपासला. जिन चालू असताना पंधरा मिनिटांची सरासरी पातळी ५७, बंद असताना ४६. पार्श्वभूमीचा आवाज लॉगॅरिदमने वजा केल्यावर जिनचे ५६.६ उरले. त्यावर कोणीही वाद घातला नाही.

पुढचे काम अभियांत्रिकीचे. सर्वांचा संशय सरकी काढणाऱ्या रोलरवर होता. पण मीटर घेऊन फिरल्यावर कळले, की खरा आवाज कापूस ओढणाऱ्या पंख्याचा असून त्याचे तोंड थेट वस्तीकडे आहे. ते तोंड वळवले, त्यावर आतून ध्वनिशोषक अस्तर लावलेला सायलेन्सर बसवला, पंख्याखाली रबरी पॅड घातले आणि पंखा व पाइप यांच्यात कॅनव्हासचा लवचिक जोड दिला. आवाज ४९ वर आला. मर्यादेसाठी तेही पुरेसे नव्हते, म्हणून रात्री दहानंतर तो पंखा बंद ठेवण्याचे मालकाने लेखी मान्य केले. कडुलिंबाची एक रांग लावण्याची सूचनाही आली होती. सावलीसाठी ती उत्तम, पण एका रांगेने आवाज जवळजवळ घटत नाही, हे स्पष्ट सांगण्याचे धाडस या कामात हवे.

कायद्याची बाजूही पाठ असावी. १४ फेब्रुवारी २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५, रात्री ४५, तर शांतता क्षेत्रासाठी ५० व ४० डेसिबल अशी मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. सार्वजनिक जागेच्या सीमेवर ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल अधिक किंवा ७५, यांपैकी जे कमी असेल त्यापुढे जाता कामा नये. मात्र हे सारे आकडे 'ए' भारांकनातले आहेत, म्हणजे कानाप्रमाणे खालच्या स्वरांना कमी मोजणारे, आणि ते भारांकन ६३ हर्ट्झच्या खोल आवाजाला सुमारे २६ डेसिबल वजा करते. त्यामुळे डीजेच्या मिरवणुकीत खिडक्यांची तावदाने थरथरत असतानाही आकडा मवाळ दिसू शकतो. अशा वेळी मी खालचे स्वर फारसे न वगळणाऱ्या 'सी' भारांकनाचे वाचनही शेजारच्या रकान्यात लिहितो. कारवाई 'ए'च्या आकड्यावरच होते. पण तावदाने का थरथरली, याचे उत्तर त्या दुसऱ्या रकान्यात असते.