काँक्रीटला लाकडी पट्टी पकडायची तर

डिचोलीत पडवीच्या काँक्रीटला मी पहिली लाकडी पट्टी बसवली, ती महिन्याभरात हलायला लागली. चूक माझीच, भोकातली पूड काढली नव्हती. आता हॅमर ड्रिलने फास्टनरपेक्षा (आवळला की भोकात फुगून पकड धरणारा बोल्ट) 10 मिमी जास्त खोल भोक पाडतो, ब्रश फिरवतो, सायकलच्या पंपाने हवा मारतो, पुन्हा ब्रश. (तोंडाने फुंकाल तर डोळे चोळत बसाल.) कडेपासून चार बोटं आत राहा, नाहीतर टवका उडतो. बिट सळईवर अडला तर जोर लावू नका, भोक सरकवा. लाकडाखाली डांबरी फेल्ट हवाच, आपल्याकडची ओल काँक्रीटमधून लाकडात चढते. समुद्राजवळ स्टेनलेसचेच बोल्ट. आणि चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीला हे फास्टनर नकोत, चिरा मऊ, पकड धरत नाही.