मालवाहू व्हॅन विकताना नावबदल आधी पाहा

डिलिव्हरीची जुनी व्हॅन विकताना सर्वाधिक काळजी किमतीची नव्हे, तर मालकी हस्तांतराची घ्यावी. कारण पैसे घेऊन किल्ली दिली, तरी वाहतूक खात्याच्या नोंदीत नाव बदलेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने मालक आपणच राहतो आणि अपघाताच्या भरपाईचा दावा आपल्यावरच येऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. विक्रेत्याने नमुना २९ भरून १४ दिवसांच्या आत हस्तांतराची सूचना द्यावी. हस्तांतराच्या अर्जावर, म्हणजे नमुना ३० वर, विक्रेता आणि ग्राहक दोघांच्याही सह्या लागतात. कोऱ्या अर्जांवर सह्या करून ते दलालाच्या हाती सोपवण्याची आपल्याकडची सवय मात्र महागात पडते. ग्राहक गोव्याबाहेरचा, म्हणजे सावंतवाडीचा किंवा बेळगावचा असेल, तर नमुना २८ वरील ना-हरकत दाखलाही घ्यावा लागतो. कर्ज फिटले असले, तरी नमुना ३५ देऊन बँकेचा बोजा नोंदणीतून उतरवून घ्यावा.

व्हॅन आठ वर्षांहून जुनी असेल, तर योग्यता (फिटनेस) प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते. ते नुकतेच घेतलेले असल्यास भाव मागताना संकोच वाटत नाही. गोव्याच्या खाऱ्या हवेत, त्यातही मासळी वाहिलेल्या गाडीत, चेसिस आणि मालाच्या हौद्याचा तळ गंजतो. त्यावर घाईने रंग मारू नये, कारण जाणकार ग्राहक आधी गाडीखालीच वाकून पाहतो. फास्टॅग मात्र किल्ली देण्यापूर्वीच बंद करावा.