जगातल्या धर्मांचा नकाशा कसा रंगवावा

मी भूगोल शिकवते. धर्मांचा नकाशा करायचा असेल तर रंग आधी बाजूला ठेवा, असं मी मुलांना सांगते. पहिल्यांदा दोन याद्या करा: प्रसारातून पसरलेले धर्म (ख्रिस्ती, इस्लाम, बौद्ध) आणि मुख्यतः जन्मानेच मिळणारे (हिंदू, ज्यू, जपानचा शिंतो). सीमारेषा काटेकोर नाही, पण सुरुवातीला पुरते.

मग प्रत्येकाच्या उगमस्थानावर ठिपका द्या आणि तिथून बाण काढा. इथे मात्र भरपूर वेळ द्या, मला हाच भाग सर्वांत प्रिय आहे. इस्लाम अरबस्तानात उगवला, पण आज एकट्या इंडोनेशियात अरबस्तानापेक्षा कितीतरी जास्त मुस्लिम राहतात. बौद्ध धर्म भारतात जन्मला. बहुसंख्य आहे तो थायलंड, म्यानमार, कंबोडियात. प्रत्येक बाणावर कारण लिहा: व्यापारी जहाजं, भिक्खू, ख्रिस्ती धर्माच्या फिलिपिन्सकडे जाणाऱ्या बाणावर स्पेनची सत्ता.

आता रंग. देशाला सरसकट एक रंग देऊ नका, नाहीतर हिंदूबहुल बाली इंडोनेशियात बुडून जाईल. नायजेरियाचा उत्तर भाग मुख्यतः मुस्लिम, दक्षिण मुख्यतः ख्रिस्ती. जपानला पट्टे द्या, कारण तिथे एकाच घरात शिंतो आणि बौद्ध विधी चालतात. धर्म न मानणाऱ्यांसाठीही स्वतंत्र रंग हवाच. चेकियात (चेक प्रजासत्ताकात) तेच बहुसंख्य आहेत.