नदीखोरे वर्गात कसे शिकवावे: छपरापासून ओढ्यापर्यंत

पर्यावरणाच्या तासाला मुलांना काठावर नेऊन कचरा वेचायला लावतात. फोटो छान येतात, पण कचरा बहुतेक वरच्या अंगाने वाहत आलेला असतो आणि पुढच्या पुरात परत येतो. त्यामुळे सुरुवात नदीपासून नको, शाळेच्या छपरापासून करा.

छपराचे क्षेत्रफळ मुलांनाच मोजू द्या. १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. ३०० चौरस मीटरच्या छपरावर २० मिमी पाऊस पडला तर ६,००० लिटर. हे पाणी पन्हळीतून कुठे उतरते, कोणत्या गटाराला लागते, ते गटार कोणत्या ओढ्याला मिळते, हे मुलांनी चालत जाऊन शोधावे.

मग १:५०,००० किंवा त्याहून जास्त तपशील दाखवणारा समोच्च रेषांचा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा घ्या. ओढ्यावर मोजणीचा बिंदू ठरवा आणि तिथून दोन्ही बाजूंना चढत जलविभाजक रेषा काढा, म्हणजे जिच्या आतले पाणी या बिंदूकडे येते आणि पलीकडचे दुसरीकडे जाते. घोळ होतो तो दरी आणि सोंड (डोंगराचा खाली उतरत गेलेला फाटा) ओळखण्यात. दरीत समोच्च रेषेचे टोक चढाकडे वळते, सोंडेवर उताराकडे. जलविभाजक समोच्च रेषांना काटकोनात छेदतो आणि ओढ्याला फक्त मोजणीच्या बिंदूपाशी मिळतो. मध्येच ओढा ओलांडला गेला तर रेषा चुकली. (शहरात भूमिगत गटारे पाणी जलविभाजकापलीकडेही नेतात, तेव्हा नकाशावर आंधळा विश्वास नको.)

ओढ्यावर जाताना पाणी गुडघ्याच्या वर असेल, वेगाने वाहत असेल किंवा वरच्या भागात पाऊस झाला असेल, तर मोजणी रद्द. जखमा जलरोधक पट्टीने झाका, परतल्यावर साबणाने हात धुवा.

प्रवाह मोजायला १० मीटरचा सरळ पट्टा निवडा. पात्राची रुंदी घ्या, दर अर्ध्या मीटरवर खोली मोजा आणि सरासरी काढा. तरंगायला लहान बाटली पाऊण भरून सोडा. रिकामी बाटली वाऱ्याने ढकलली जाते आणि वेग चुकतो. काठाजवळून, मधून, पलीकडून अशा किमान पाच फेऱ्या घ्या. समजा रुंदी ३ मीटर, सरासरी खोली ०.२५ मीटर आणि बाटलीला १० मीटर जायला लागलेला सरासरी वेळ २५ सेकंद. पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.४ मीटर. तळाशी पाणी संथ असते, म्हणून ०.८५ ने गुणा: ०.३४. प्रवाह ३ × ०.२५ × ०.३४, म्हणजे सेकंदाला सुमारे २५५ लिटर.

हा आकडा नसेल तर पुढची चाचणी फसवते. आज नायट्रेट लिटरला ४ मिग्रॅ आणि प्रवाह २५५ लिटर, म्हणजे सेकंदाला १,०२० मिग्रॅ नायट्रेट वाहते. पावसानंतर नायट्रेट २ मिग्रॅवर आले, पण प्रवाह ८०० लिटर झाला, तर १,६०० मिग्रॅ. पाणी ‘सुधारले’ असे मुले म्हणतील, आणि तिथेच खरा धडा सुरू होतो.

नमुना घेताना बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, तोंड प्रवाह येतो त्या बाजूला करा आणि स्वतः बाटलीच्या खालच्या अंगाला उभे राहा, नाहीतर पायाने उठलेला गाळ आत जातो. विरघळलेल्या प्राणवायूच्या बाटलीत एकही बुडबुडा नको. तापमान आणि वेळ लिहाच: संपृक्त पाण्यात (मावेल तेवढा प्राणवायू विरघळलेल्या) २० अंशाला लिटरमागे सुमारे ९ मिग्रॅ प्राणवायू असतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. शेवाळ जास्त असेल तर दुपारी आकडा फुगतो आणि पहाटे कोसळतो. सकाळची मोजणी दुपारच्या मोजणीशी ताडणे व्यर्थ.

रसायनांपेक्षा मुलांना कीटक जास्त शिकवतात. अर्धा मिलिमीटर छिद्रांची जाळी प्रवाहात उभी धरा, तिच्या वरच्या अंगाला तळ तीन मिनिटे पायाने ढवळा आणि जाळीतले सगळे पांढऱ्या तबकात दोन सेंटीमीटर पाण्यात ओता. पोटाच्या कडेला हलणारे पिसासारखे कल्ले आणि बहुधा तीन शेपट्या दिसल्या तर ती मेफ्लायची अळी. दोन शेपट्या असतील तर बहुधा स्टोनफ्लाय. वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळीत राहणारी कॅडिसफ्लाय. या तिघींच्या बहुतेक जातींना स्वच्छ, प्राणवायूयुक्त पाणी लागते. फक्त लाल अळ्या आणि गाळातले बारीक किडे सापडले तर सांडपाण्याचा संशय घ्या. मात्र पूर ओसरल्याबरोबर केलेली मोजणी धरू नका. तेव्हा चांगल्या ओढ्यातूनही कीटक वाहून गेलेले असतात. पाहून झाल्यावर सगळे होते तिथेच सोडा.

एकाच ठिकाणच्या मोजणीतून कारण सापडत नाही. नाला मिळतो त्याच्या वर एक आणि खाली, पाणी पूर्ण मिसळल्यावर, दुसरी जागा ठेवा. त्याच जागा, तीच पद्धत, दर महिन्याला. वही एकच असावी आणि ती पुढच्या वर्षीच्या वर्गाकडे जावी.