गावांची आरोग्य-वर्गवारी: आधी पाडे मोजा

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या डोंगरात आरोग्यसेविका म्हणून फिरताना मी वहीत गावं आरोग्यसेवेच्या गरजेनुसार अशी क्रमाने लावते. आधी लोकसंख्या, तीही पाड्यागणिक. महसुली गावाचा, म्हणजे दूरदूरच्या अनेक पाड्या-वस्त्यांचा मिळून, एकच आकडा फसवतो. मग सरकारी निकष: सपाटीवर ५,००० लोकांमागे उपकेंद्र, ३०,००० मागे प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी-आदिवासी भागात ३,००० आणि २०,०००. आशाताई, म्हणजे गावातलीच आरोग्य-स्वयंसेविका, साधारण हजारामागे एक.

आकडा जुळला तरी थांबू नका. पावसाळ्यात ओढा वाट अडवतो का? अडलेली बाई बांबूच्या झोळीतून आणावी लागते का? उत्तर ‘हो’ असेल तो पाडा मी लाल शाईने सर्वांत वर लिहिते, मग तिथे साठच माणसं का असेनात. १०८ची रुग्णवाहिका जिथवर येते, तिथून पुढची वाट स्वतः चालून मिनिटांत नोंदवा. चढणीवर किलोमीटर कामाचे नाहीत.