स्मार्ट पाणी मीटर बसवताना या चुका टाळा

मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी नळाला रोज पाणी येत नाही, आणि स्मार्ट मीटरच्या, म्हणजे रीडिंग आपणहून पाठवणाऱ्या मीटरच्या, निम्म्या भानगडी इथूनच सुरू होतात. कोरड्या दिवशी मीटर बसवणारी पोरं येतात, जुना मीटर काढून नवा कसतात, मोबाइलवर फोटो टाकतात आणि पुढचं घर गाठतात. पाणी येतं चार-सहा दिवसांनी. तेव्हा बघायला कुणीच नसतं.

लाइन न धुता मीटर बसवू नका. रिकाम्या पाइपात गंज, वाळू, खोदकामाची माती बसलेली असते. पहिल्या लोंढ्याबरोबर ती मीटरच्या जाळीत अडकते, धार बारीक होते आणि कुणीतरी शहाणा जाळीच उचकटून फेकतो. मग वाळू थेट मीटरच्या आतल्या, पाण्याने फिरणाऱ्या चक्रीत जाते. मी मीटरच्याच लांबीचा पाइपचा तुकडा पिशवीत बाळगतो. आधी तो जोडायचा, नळ आले की गढूळ पाणी जाऊ द्यायचं, निवळ धार दिसली की मीटर. फेरी वाढते, वाढू द्या.

दुसरी चूक नंबरांची. एका गल्लीत शेजारी-शेजारी दोन घरं. एका घरच्या आजी मुलाकडे पुण्याला, दाराला कुलूप, तरी त्यांच्या नावावर भरमसाट वापर. शेजारी भरलं कुटुंब, त्यांचं रीडिंग जागेवरून हललेलं नाही. गळती समजून आजींचं अंगण खोदलं, काही सापडलं नाही. शेवटी मी शेजाऱ्यांची तोटी उघडायला लावली, तर आजींच्या नावाचा आकडा पळायला लागला. बसवणाऱ्याने नंबर संध्याकाळी रिकाम्या खोक्यांवरून उतरवले होते. पूर्वी रीडिंग घेणारा दारात यायचा, कुलूप बघून त्याला शंका आली असती. आता आकडा परस्पर जातो. म्हणून जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग, नव्याचा नंबर आणि ग्राहक क्रमांक तिथंच, घरमालकासमोर लिहा. पाणी आल्यावर २० लिटरची बादली भरा, मीटर ०.०२० घनमीटर पुढे सरकायला हवा. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, अशा मुलखात एवढा हिशेब चोख हवाच.

“हवेचं बिल येतं” ही तक्रार उडवून लावू नका. पाण्यापुढे ढकललेल्या हवेवरही चक्री फिरते. अल्ट्रासोनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी प्रवाह मोजणाऱ्या मीटरला चक्री नसते, पाइप रिकामा आहे हे त्याला कळतं. आठवड्याने पाणी येणाऱ्या भागात मी तोच सुचवतो. चक्रीचाच असेल तर मीटरच्या आधी, पाणी येतं त्या बाजूला, हवा बाहेर सोडणारा एअर व्हॉल्व्ह लावा.

मीटरवरचा बाण पाणी जातं त्या दिशेला आहे ना, बघा. चक्रीचा मीटर आडवा, तबकडी वर. नळाला थेट मोटर लावू नका, आधी हौदात पाणी घ्या.

मीटरच्या खड्ड्यावर लोखंडी झाकण असेल तर सिग्नल अडतो. फायबरचं टाका, आणि सिग्नल झाकण लावूनच तपासा.