अल्स्ट्रोमेरियाला कडक ऊन नको, गारवा हवा

फुलांच्या दुकानात पाकळ्यांवर वाघासारखे पट्टे असलेलं फूल दिसतं ना, तेच अल्स्ट्रोमेरिया. मूळ दक्षिण अमेरिकेचं. मराठवाड्यात ते जगवायचं म्हणजे मातीचा गारवा सांभाळायचा. माती साधारण २२ अंशांच्या वर तापत राहिली की नुसती पानं येतात, फुलं नाहीत.

म्हणून लावणी दिवाळीच्या सुमारास, मोठ्या मातीच्या कुंडीत करा. आपली काळी माती एकटी वापरू नका, पाणी धरून ठेवते आणि गड्डे सडतात. निम्मी पोयटा माती, बाकी शेणखत आणि वाळू. वर उसाच्या पाचटाचा जाड थर द्या. सकाळचं ऊन पुरे. होळीनंतर कुंडी भिंतीच्या सावलीत किंवा हिरव्या नेटखाली हलवा. झाड सुकलं तरी फेकू नका, गड्डे जिवंत असू शकतात.

फूल कापू नका. जुनं, मुरलेलं झाड असेल तर दांडा बुडाशी धरून हलकेच ओढून काढा, त्यानं नवे कोंब फुटतात. पहिल्या वर्षी मात्र कात्रीच बरी, नाहीतर गड्डाच हातात येतो. रसानं काहींना खाज सुटते, हातमोजे घाला. फुलदाणीत फुलं दोन आठवडे सहज टिकतात.